वडिलांच्या कॉलेजला नकार: पेटन मॅनिंग, १९९४

जानेवारी १९९४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या इसिडोर न्यूमन शाळेतल्या पेटन मॅनिंग या क्वार्टरबॅकने टेनेसी विद्यापीठाकडून फुटबॉल खेळणार असल्याचे जाहीर केले. देशातल्या अव्वल शालेय खेळाडूंपैकी एकाने देशातल्या एका बलाढ्य संघाची निवड केली, बातमी म्हणाल तर एवढीच. मिसिसिपी राज्यात मात्र ती घरातला मुलगा शेजाऱ्याकडे दत्तक गेल्यासारखी ऐकली गेली.

कारण होते वडील. आर्ची मॅनिंग हा मिसिसिपी विद्यापीठाचा, म्हणजे सगळे ज्याला ‘ओल मिस’ म्हणतात त्या कॉलेजचा, सर्वांत लाडका खेळाडू. १९६८ ते १९७० असे तीन हंगाम तो तिथे क्वार्टरबॅक होता. त्याचा १८ हा क्रमांक कॉलेजने निवृत्त केला आणि कॅम्पसवरची वेगमर्यादाही ताशी १८ मैल ठेवली. १९६९ मध्ये तोवर एकही सामना न हरलेल्या टेनेसीला त्याच्या संघाने ३८-० असे धुतले होते. पेटनची आई ऑलिव्हिया त्याच कॉलेजची होमकमिंग क्वीन, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक सोहळ्यात निवडलेली राणी. थोरला भाऊ कूपर १९९२ मध्ये तिथेच दाखल झालेला. पेटनच्या निर्णयानंतर आर्चीच्या घरी संतापाची पत्रे आली, फोन आले. ज्या माणसाला वीस-पंचवीस वर्षे डोक्यावर घेतले, त्यालाच जाब विचारला गेला.

माजी खेळाडूंच्या मुलांच्या भरतीवर बोलायचे तर हे प्रकरण सर्वांत उपयोगी आहे. याच घरात एका मुलाने वडिलांचे कॉलेज निवडले, दुसऱ्याने नाकारले, तिसऱ्याने पुन्हा निवडले आणि नातवाने पुन्हा नाकारले. आडनाव, शाळा आणि वारसा चौघांचा सारखाच. म्हणजे फरक पाडणारी गोष्ट वारशाबाहेर शोधावी लागते, आणि ती सापडतेही.

टेबलावर काय होते

फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल. क्वार्टरबॅक हा प्रत्येक चाल सुरू करणारा, पास फेकणारा खेळाडू. मैदानावर एका वेळी एकच क्वार्टरबॅक असतो. बचावफळीत किंवा रिसीव्हर (पास झेलणारा) म्हणून नवा मुलगा आलटून पालटून खेळू शकतो. क्वार्टरबॅकच्या जागेवर पहिला क्रमांक खेळतो आणि बाकीचे सीमारेषेवर टोपी घालून उभे राहतात. त्यामुळे ‘माझ्यापुढे रांगेत कोण आहे’ हा प्रश्न या जागेसाठी इतर कोणत्याही जागेपेक्षा जास्त महत्त्वाचा.

शिष्यवृत्ती म्हणजे शिक्षणशुल्क, राहणे, जेवण आणि पुस्तके. वरच्या विभागात फुटबॉलची शिष्यवृत्ती तेव्हा पूर्ण तरी मिळे किंवा मुळीच मिळत नसे. १९९४ हे नेमके असे वर्ष होते की एनसीएएने, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, प्रत्येक संघावरची शिष्यवृत्त्यांची कमाल मर्यादा ८५ वर आणली. आधी ती ९५ होती आणि तीन वर्षांत पायऱ्यापायऱ्यांनी उतरली. जागा कमी झाल्या की ‘आपल्या माणसाच्या’ मुलाला सौजन्य म्हणून दिलेली जागाही महाग पडते. पेटनच्या बाबतीत तो प्रश्न नव्हता. तो राष्ट्रीय पातळीवरचा वर्षातला सर्वोत्तम शालेय खेळाडू ठरलेला होता. शिवाय शिष्यवृत्ती तेव्हा एका वर्षाची असे आणि दरवर्षी नूतनीकरण होई. चार वर्षांची हमी देण्याची मुभा २०१२ पर्यंत नव्हती.

तोंडी प्रस्ताव आणि तोंडी होकार दोन्ही बाजूंना बांधत नाहीत, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे. बांधणारा कागद म्हणजे ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’. फेब्रुवारीतल्या पहिल्या बुधवारी, त्या वर्षी २ फेब्रुवारीला, त्यावर सही होई. या कागदातली एक गोष्ट पालक हमखास विसरत: करार कॉलेजशी होतो, प्रशिक्षकाशी नाही. ज्याच्या शब्दावर सही केली तो प्रशिक्षक महिन्याभरात गेला तरी मुलगा बांधलेलाच राहतो. कॉलेजने मोकळे केले नाही आणि तरीही तो दुसरीकडे गेला, तर खेळण्याची पात्रता गमवावी लागे.

दुसरी गोष्ट पालकाच्या सहीची. २१ वर्षांखालच्या खेळाडूच्या कागदावर पालकाची सही सक्तीची होती. पेटनचा जन्म मार्च १९७६ चा, म्हणजे सहीच्या दिवशी तो १७ वर्षांचा. टेनेसीच्या कागदावर ओल मिसच्या दैवताची सही लागणार होती. हा केवळ उपचार नव्हे. २००१ मध्ये सॅन डिएगोचा माजी फुटबॉलपटू केलन विन्स्लो याने मुलाच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कागदावर सही करायला नकार दिला, आणि मुलगा शेवटी मायामीला गेला. आर्चीच्या हातातही तो नकाराधिकार होता. त्याने तो वापरला नाही.

ओल मिसची बाजू, आकड्यांत

ओल मिसकडे घरचा मुलगा होता. अडचण प्रशिक्षकाच्या खुर्चीत होती. बिली ब्रुअर १९८३ पासून मुख्य प्रशिक्षक. त्यांच्या काळात कार्यक्रमावर एकदा, १९८६ मध्ये, एनसीएएची कारवाई होऊन गेली होती आणि आता दुसरी चौकशी चालू होती. विषय भरतीतले गैरप्रकार, म्हणजे पेटन ज्या प्रक्रियेतून जात होता तीच.

पेटनने तिथे सही केली असती तर काय झाले असते, याचा अंदाज बांधावा लागत नाही. पुढच्या नोंदी समोर आहेत. जुलै १९९४ मध्ये, म्हणजे सहीनंतर पाच महिन्यांत आणि त्याचा पहिला सराव सुरू व्हायच्या आधी, ब्रुअर यांना काढले गेले. १९९४ चा हंगाम जो ली डन यांनी हंगामी प्रशिक्षक म्हणून काढला. १९९५ च्या हंगामासाठी टॉमी ट्यूबरव्हिल आले. सहीनंतर वर्षभराच्या आत तीन मुख्य प्रशिक्षक, म्हणजे एका कोवळ्या क्वार्टरबॅकला बहुधा तीनदा नवी चालींची वही पाठ करणे आले. त्यात नोव्हेंबर १९९४ मध्ये शिक्षा लागली: दोन वर्षे हंगामोत्तर सामन्यांना बंदी, १९९५ मध्ये दूरचित्रवाणीवर बंदी आणि शिष्यवृत्त्यांत मोठी कपात.

या कपातीकडे क्वार्टरबॅकने बाकी सगळ्यापेक्षा जास्त बारकाईने पाहायचे असते. टीव्हीबंदी वर्षभरात संपते. कपात पुढची चार वर्षे ठसठसते, कारण कमी झालेल्या जागा पहिल्यांदा राखीव खेळाडूंतून जातात: क्वार्टरबॅकचे रक्षण करणारे दुसऱ्या फळीतले लाइनमन, तिसरा रिसीव्हर. सुरुवातीच्या अकरांत दिसत नाही, पण ऑक्टोबरात दोन जण जायबंदी झाले की क्वार्टरबॅक पाठीवर आडवा पडलेला दिसतो. आर्चीला याची माहिती इतर कोणत्याही बापापेक्षा चांगली होती. व्यावसायिक लीग एनएफएलच्या १९७१ च्या ड्राफ्टमध्ये (यात संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात) दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेल्यावर त्याने न्यू ऑर्लिन्स सेंट्समध्ये अशाच पोकळ संघामागे वर्षानुवर्षे मार खाल्ला होता; त्याच्या काळात सेंट्सचा एकही हंगाम विजयाधिक्याचा झाला नाही.

वारशाचा एक धागा आधीच तुटलेला होता. १९९१ मध्ये न्यूमन शाळेत पेटन पास फेकायचा आणि कूपर झेलायचा. दोघे ऑक्सफर्ड गावात, ओल मिसच्या मैदानावर, तेच करतील ही घरची स्वाभाविक कल्पना. १९९२ मध्ये कूपरच्या मणक्याच्या नलिकेचे आकुंचन, म्हणजे स्पायनल स्टेनोसिस, निदान झाले आणि त्याचे खेळणे तिथेच थांबले. भाऊ हे ओल मिसकडे ओढणारे सर्वांत खरे कारण होते. ते गेल्यावर उरला तो वडिलांचा पुतळा.

आमच्या मते ओल मिसची चूक इथेच झाली, आणि अशा प्रकरणांत ती वारंवार होते. आपल्याकडचे भांडवल भूतकाळात आहे हे कळूनही कॉलेज तेच पुढे करते: वडिलांचे फोटो, वडिलांचा क्रमांक, वडिलांचे सवंगडी. मुलगा विचारत असतो की पुढच्या वर्षी मला कोण शिकवणार. चौकशी डोक्यावर असताना या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘माहीत नाही’ हेच होते, आणि ते कोणी देत नसते.

सवंगड्यांचा मुद्दा नियमांतही बसत नाही. एनसीएएच्या भाषेत ‘बूस्टर’ म्हणजे कॉलेजच्या खेळाचे हितचिंतक: देणगीदार, समर्थक मंडळाचे सदस्य, आणि मदत करणारे माजी खेळाडूही. बूस्टरने भरतीच्या हेतूने मुलाशी किंवा घरच्यांशी संपर्क साधायचा नाही. वडील मुलाशी काय वाटेल ते बोलू शकतात. वडिलांच्या जुन्या संघसोबत्यांनी मात्र ‘ये बाबा आपल्याकडेच’ म्हणून मोहीम उघडली, तर चौकशीखाली असलेल्या कार्यक्रमात ती आणखी एक नोंद. माजी खेळाडूच्या मुलाच्या बाबतीत हा भंग नकळत आणि फार सहज होतो, कारण सगळे एकमेकांना तीस वर्षे ओळखत असतात.

टेनेसीची बाजू: रांग

फिलिप फुल्मर १९९२ च्या अखेरीस टेनेसीचे पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक झाले होते, म्हणजे नवे, आणि लगेच हलण्याची शक्यता नसलेले. आक्रमणाची सूत्रे डेव्हिड कटक्लिफ यांच्याकडे. क्वार्टरबॅक घडवणे हीच त्यांची खासियत, आणि पेटनशी रोजचा संबंध त्यांचाच येणार होता. मुख्य प्रशिक्षकापेक्षा आपल्या जागेचा प्रशिक्षक कोण, हे पाहणे जास्त महत्त्वाचे. घरी येऊन गोड बोलणारा मुख्य प्रशिक्षक आठवड्यातून दोनदा दिसतो, जागेचा प्रशिक्षक दिवसातून दोनदा.

आता रांग. १९९३ मध्ये हाइझमन करंडकाच्या, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूच्या पुरस्काराच्या, मतदानात दुसरा आलेला हीथ शूलर शेवटचे वर्ष सोडून एनएफएलला निघाला. म्हणजे पहिली जागा रिकामी. मागे जेरी कोलक्विट, शेवटच्या वर्षाचा. त्याच्या मागे टॉड हेल्टन, जो बेसबॉलपटू म्हणून जास्त मोठा होता आणि पुढे त्याच खेळात नाव काढले. कागदावर वाचायचे ते असे: पहिल्या वर्षी शिकायचे, दुसऱ्या वर्षी संघ हातात येण्याची चांगली शक्यता. गरज पडली तर पहिले वर्ष ‘रेडशर्ट’ ठेवायचे, म्हणजे सराव करायचा, सामना नाही. पाच वर्षांतले चार हंगाम शाबूत राहतात.

एक खडा होता. त्याच वर्गात, म्हणजे त्या वर्षी भरती केलेल्या मुलांत, टेनेसीने ब्रँडन स्ट्युअर्ट हा टेक्सासमधल्या स्टीफनव्हिलचा नावाजलेला क्वार्टरबॅकही घेतला. एकाच वर्षी एकाच जागेसाठी दोन अव्वल मुले घेणे हा कॉलेजसाठी विमा असतो आणि मुलासाठी धोका. प्रसिद्ध बापाचा मुलगा अशा वेळी बहुतेकदा दुसरे कॉलेज शोधतो, कारण हरल्यास चर्चा त्याच्या नावाची होणार असते. पेटन तरीही टेनेसीलाच गेला.

३ सप्टेंबर १९९४ रोजी यूसीएलएविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात, सातव्या चालीवर, कोलक्विटचा गुडघा गेला. तीन आठवड्यांनी मिसिसिपी स्टेटविरुद्ध हेल्टन जायबंदी झाला. १ ऑक्टोबरला वॉशिंग्टन स्टेटविरुद्ध पहिल्या वर्षाचा पेटन सुरुवातीच्या संघात होता आणि टेनेसी १०-९ अशी जिंकली. रांगेचा हिशेब दोन वर्षांचा होता, तो एका महिन्यात निकालात निघाला. यात नशीब आहेच. पण नशीब उघडले तेव्हा दारात उभे राहता यावे, एवढी जागा रांगेत आधी असावी लागते. चार अनुभवी क्वार्टरबॅक पुढे असलेल्या कॉलेजात दोन गुडघे जाऊनही काही झाले नसते. स्ट्युअर्ट पुढे टेक्सास ए अँड एमला गेला.

१९९५ मध्ये टेनेसी ११-१, म्हणजे अकरा विजय, एक पराभव. त्याच वर्षी ओल मिस ६-५, टीव्हीवर नाही, हंगामानंतर सामना नाही. पेटनने सुरुवातीचा क्वार्टरबॅक म्हणून ३९ सामने जिंकले आणि ६ हरले, पासमधून ११,२०१ यार्ड मिळवले, तीन वर्षांत पदवी घेतली आणि तरी चौथे वर्ष खेळायला थांबला. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिला.

ईलाय: तेच कॉलेज, वेगळे उत्तर

पाच वर्षांनी धाकट्या ईलायची वेळ आली. नोव्हेंबर १९९८ अखेर ट्यूबरव्हिल, आपण कुठेही जाणार नाही असे छातीठोकपणे सांगून झाल्यावर काही दिवसांतच, ऑबर्नला गेले. भरतीच्या ऐन हंगामात प्रशिक्षक जाणे ही एरवी आपत्ती. ओल मिसने त्यांच्या जागी डिसेंबरात आणले ते टेनेसीच्या डेव्हिड कटक्लिफ यांना, म्हणजे ज्यांनी पेटनला घडवले त्यांनाच. फेब्रुवारी १९९९ मध्ये ईलायने ओल मिसच्या कागदावर सही केली.

मथळे ‘मॅनिंग घरी परतला’ असे झाले. कागद वाचले तर दिसते की दोघे भाऊ त्याच माणसाकडे शिकायला गेले. त्या माणसाचा पत्ता तेवढा बदलला होता. ईलायने १९९९ हे वर्ष रेडशर्ट ठेवले, २००१ पासून सुरुवात केली, २००३ मध्ये संघाला १०-३ पर्यंत नेले, आणि २००४ च्या ड्राफ्टमध्ये तोही पहिला. तो गेल्यावरच्या पहिल्याच हंगामात संघ ४-७ झाला आणि कटक्लिफ यांना काढले गेले.

वारसा काहीच करत नाही असे यावरून म्हणू नये. वारसा ओळख करून देतो, आणि दोन प्रस्ताव खरोखर समसमान असतील तर पारडे झुकवतो. न्यूमन शाळेतलाच ओडेल बेकहॅम धाकटा २०११ मध्ये एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाला, गेला. वडील तिथले रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे), आई तिथलीच धावपटू. पण एलएसयू तेव्हा भरात होती. सगळ्यांत बोलके उदाहरण स्टॅनफर्डचे. २०१५ च्या संघात दोन रनिंग बॅक होते: ख्रिश्चन मॅककॅफ्री, ज्याचे वडील एड स्टॅनफर्डचेच रिसीव्हर, आणि बॅरी सँडर्स धाकटा, ज्याचे वडील ओक्लाहोमा स्टेटचे १९८८ चे हाइझमन विजेते. एक वडिलांच्या कॉलेजात, दुसरा वडिलांचे कॉलेज सोडून आलेला. त्या हंगामात मॅककॅफ्रीने एका वर्षातल्या एकूण यार्डांचा जो राष्ट्रीय विक्रम मोडला तो थोरल्या सँडर्सचाच होता, आणि धाकटा सँडर्स त्याच संघात दुसऱ्या फळीत होता. तो २०१६ मध्ये पदवी घेऊन शेवटच्या हंगामापुरता ओक्लाहोमा स्टेटला गेला, वडिलांच्या कॉलेजात, उशिरा.

नातू

कूपरचा मुलगा आर्च. शाळा तीच न्यूमन, जागा तीच. शाळेतले काकांचे पासिंगचे विक्रम त्याने मागे टाकले आणि २०२३ च्या वर्गातला तो सर्वाधिक चर्चेतला क्वार्टरबॅक होता. घरच्यांनी प्रक्रिया मात्र फार घट्ट धरली. इतर मुले प्रत्येक प्रस्ताव समाजमाध्यमांवर टाकतात. आर्चने एकही टाकला नाही. त्या काळी पाच अधिकृत भेटींची परवानगी होती (अधिकृत भेट म्हणजे कॉलेजच्या खर्चाने ४८ तासांपर्यंतचा मुक्काम). त्याने तीन वापरल्या, तिन्ही जून २०२२ मध्ये, लागोपाठच्या आठवड्यांत: जॉर्जिया, अलाबामा, टेक्सास. ओल मिसने रस दाखवला होता, आर्च तिथे जाऊनही आला होता. अधिकृत भेट झाली नाही. २३ जूनला त्याने टेक्सास जाहीर केले.

भेटी अशा एकापाठोपाठ घेण्यात शहाणपण आहे. पहिली भेट मार्चमध्ये आणि शेवटची जूनमध्ये असली की शेवटचे कॉलेज आपोआप जिंकते, कारण तेच ताजे असते. तिन्ही तीन आठवड्यांत घेतली तर तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारता येतात.

निवड तेव्हा धाडसी होती. टेक्सास आदल्या हंगामात ५-७. आणि रांगेत पुढे क्विन यूअर्स, जो काही महिन्यांपूर्वीच ओहायो स्टेटहून आला होता. आर्च २०२३ मध्ये जवळजवळ खेळलाच नाही, २०२४ मध्ये यूअर्स जायबंदी असताना दोनदा सुरुवात केली, आणि संघ त्याच्या हाती आला तो २०२५ मध्ये. आजच्या काळात, एका सहीत दुसऱ्या कॉलेजात जाता येत असताना, दोन वर्षे थांबणे विरळा. थांबता आले याचे एक कारण प्रशिक्षक हलला नाही. अलाबामाचे निक सेबन जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले. ओल मिसचे लेन किफिन नोव्हेंबर २०२५ मध्ये एलएसयूला गेले. टेक्सासचे स्टीव्ह सार्किसियन मात्र तिथेच होते.

पेटन नसलेल्या मुलांचे काय

माजी खेळाडूंची बहुतेक मुले राष्ट्रीय पातळीची नसतात. चांगली असतात, आणि वडिलांच्या कॉलेजसाठी किंचित कमी पडतात. खरा गोंधळ इथे होतो. प्रशिक्षकाला माजी खेळाडूला तोंडावर ‘नाही’ म्हणणे अवघड जाते, म्हणून तो ‘प्रस्ताव’ या शब्दाचे चार अर्थ करतो.

पहिला खरा प्रस्ताव: आज हो म्हटले तर आज जागा. दुसरा नावापुरता: जाहीर करा, पण हो म्हणालात तर ‘थोडे थांबू या’ असे उत्तर येते, कारण त्यांना आधी दुसरा मुलगा हवा आहे. तिसरा ग्रेशर्ट: शिष्यवृत्ती आहे, पण शरद सत्राऐवजी पुढच्या जानेवारीपासून, मधले सहा महिने स्वतःच्या खर्चाने काढायचे. चौथा ‘प्रेफर्ड वॉक-ऑन’: संघात जागा, पैसे नाहीत, पुढे जमले तर बघू. वडिलांच्या कॉलेजकडून चौथा आणि मधल्या दर्जाच्या कॉलेजकडून पहिला, अशी स्थिती आली की घरात वाद होतो, आणि मुले बरेचदा वडिलांच्या जर्सीसाठी पैसे सोडतात.

ओळखण्याची रीत साधी आहे. प्रशिक्षकाला विचारायचे: मी आत्ता होकार दिला तर तुम्ही तो स्वीकाराल का? या वर्गात माझ्या जागेवर किती जण घेणार आहात? लेखी कधी देणार? लेखी प्रस्ताव शेवटच्या शालेय वर्षाच्या १ ऑगस्टपूर्वी देता येत नाही, त्यामुळे त्याआधीचे सगळे शब्दच. १ ऑगस्टनंतरही लेखी आले नाही आणि कारणे बदलत राहिली, तर तो दुसऱ्या प्रकारचा प्रस्ताव समजावा. मुलाला उन्हाळी शिबिराला बोलावले तर जरूर जावे. तिथे उंची, वजन, ४० यार्डांची वेळ मोजली जाते आणि वडिलांच्या नावाचा उपयोग नोंदणीच्या टेबलापर्यंतच होतो. अभ्यासाची अट नावाने सुटत नाही: १६ मूळ विषय आणि त्यांत किमान २.३ सरासरी, ही नोंद एनसीएएच्या पात्रता केंद्रात वेळेत झालेली हवी.

२०२५ पासून हिशेब बदलला आहे. ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या, खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या कॉलेजांना ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा राहिली नाही. त्याऐवजी संघच १०५ जणांचा. कॉलेज खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकते, पहिल्या वर्षी सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. वरकरणी शिष्यवृत्त्या वाढल्या. पण पूर्वी अनेक मोठ्या कॉलेजांत वॉक-ऑन धरून यादी १०५ च्या बरीच वर जात असे, आणि त्या शेपटीत माजी खेळाडूंची मुले हमखास असत. ती शेपटी कापली गेली. सौजन्याची जागा आता फुकट पडत नाही. ती १०५ मधली एक असते.

शिवाय शिष्यवृत्ती आता पूर्णच द्यावी असे बंधन नाही, अर्धी किंवा पावही देता येते. म्हणून ‘शिष्यवृत्ती देतो’ एवढ्यावर थांबू नये. किती टक्के, किती वर्षांसाठी, दुखापत झाली तर चालू राहील का, आणि त्यात थेट पैशांचा वेगळा करार आहे का, हे चार मुद्दे कागदावर मागावेत. जुने लेटर ऑफ इंटेंट ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाले. आता सही होते ती आर्थिक साहाय्याच्या करारावर, आणि पहिली मुदत डिसेंबरात येते. त्याच आठवड्यांत प्रशिक्षकांच्या बदल्याही होतात, तेव्हा सही करण्याच्या दिवशी सकाळी जागेच्या प्रशिक्षकाला एक फोन करून तो पुढच्या हंगामात तिथेच आहे ना, हे विचारून घ्यावे.